एका स्क्रॅपबुकची दोनदा केलेली खरेदी

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव लिहिलेलं नाही, पण मापं, वजनं आणि खर्च जसे झाले तसेच दिले आहेत. या घरची थोरली सून माझी जुनी विद्यार्थिनी. मी तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. या कामात सल्ला माझा होता, आणि पहिल्या चुकीतही माझा वाटा होता.

पार्श्वभूमी

साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा. अशा हजार पौर्णिमा पाहायला माणसाला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. घरच्या आबाजींचं सहस्रचंद्रदर्शन २०२४ च्या कोजागिरीला करायचं ठरलं. तिन्ही मुलांनी हजार-हजार रुपये काढले आणि आठवणींची वही, म्हणजे स्क्रॅपबुक, करायचं काम थोरलीवर सोपवलं. तिने शाळेत असताना माझ्याकडे कोलाज केलेलं, म्हणून.

सामान भरपूर निघालं. १९७१ च्या पोळ्याला बैलजोडीसोबत काढलेला काळा-पांढरा फोटो, लग्नातले फोटो, पुलगावच्या स्टुडिओत पडद्यापुढे बसवून काढलेली मुलं. १९७२ ला सुरू झालेल्या सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातल्या पातळ कागदावरच्या पावत्या. आजीच्या माहेरून आलेली आंतरदेशीय पत्रं. आबाजींच्या खंजिरी भजनमंडळाचं नाव छापून आलेलं वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण. आजी आता नाहीत, त्यांची दोन लुगडी ट्रंकेत होती.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. मोबाइलवर एक संच पाहिला होता: १२ बाय १२ इंचांचा अल्बम, २५० जीएसएम वजनाच्या कागदाची २४ नक्षीदार पानं, स्टिकर, रिबिनी, नक्षीची कात्री, पांढरा डिंक, सगळं मिळून १,४९९ रुपये. "घेऊ का, बाई?" मी न बघताच म्हटलं, "दिसतो चांगला, घे." आत काय-काय लावायचं आहे, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

अडचण

गावात कुरिअर येत नाही. पार्सल तालुक्याला नणंदेकडे पोचलं आणि लग्नसराईत तिथेच पडून राहिलं. तिच्या हातात आलं तेव्हा परतीची मुदत संपली होती. डबा देखणा होता, आणि घरातल्या मुलींनी त्याच दुपारी काम सुरू केलं. अस्सल जुने तीन फोटो डिंक लावून चिकटवले.

मे महिन्यात पारा ४४-४५ ला, आणि वही ठेवलेली टिनाच्या छपराच्या खोलीत. पंधरा दिवसांत रिबिनी आणि फोमचे तुकडे गळून पडले, कारण त्यांच्या पाठचा गोंद उष्णतेने मऊ होऊन सरकत होता. डिंकातल्या पाण्याने पानं फुगून वाकडी झाली. फोटोंच्या कडा उचलल्या गेल्या म्हणून मुलीने एक ओढून काढायला घेतला, आणि तो फाटला. तो पोळ्याचा फोटो होता. आबाजी वाचले, एका बैलाचं तोंड गेलं.

थोरली वही घेऊन एसटीने माझ्याकडे आली. "बाई, पहा ना, सगळं निघून रायलं. अन् जे निघाले नाई पायजे ते फाटून रायलं."

आम्ही पहिलं काम वजनाचं केलं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे ते किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही तपासता येतं. १२ बाय १२ इंचांची २४ पानं म्हणजे सुमारे २.२३ चौरस मीटर. कागद २५० जीएसएमचा असता तर ५५७ ग्रॅम भरला असता. काट्यावर ३३६ ग्रॅम आला. कागद दीडशेचा होता, आणि ओल्या डिंकाने तो वाकणारच होता.

मग रंग. लाल नक्षीच्या पानावर पाण्याचा थेंब टाकून टिपकागदाने दाबला, तर टिपकागद गुलाबी झाला. पावसाळ्यातल्या दमट हवेत हाच रंग फोटोवर उतरला असता. शेवटी उन्हाची परीक्षा: पानाची एक पट्टी अर्धी जाड पुस्तकात, अर्धी उघडी, अशी गच्चीवर ठेवली. बारा दिवसांत उघडी बाजू तपकिरी झाली. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) काढून टाकलेलं नसलं की उजेडाने कागद असा पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि त्यातून तयार होणारं आम्ल शेजारच्या वस्तूला लागतं. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते यामुळेच. डब्यावर 'ॲसिड-फ्री' छापलेलं होतं. नुसत्या त्या शब्दाला फार वजन देऊ नये, कारण कागद आज आम्लमुक्त असला तरी लिग्निन असेल तर पुढे आम्ल तयार होऊ शकतं. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे आणि फोटोला लागणाऱ्या सामानासाठी आयएसओ १८९१६ ही चाचणी. यातलं काही वेष्टनावर लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

कोणते पर्याय होते

हातात १,५०१ रुपये आणि पाच महिने.

धाकटा मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, छापील फोटोबुक मागवून मोकळे व्हा, साडेतीन हजारांत होईल, वरचे पैसे मी देतो. हा पर्याय वाईट नव्हता. वेळ पंधरा दिवस असता तर मी तोच सुचवला असता. पण पावत्या आणि पत्रं त्यात फक्त चित्र म्हणून आली असती, आणि आबाजींना कागद हातात घेऊन चाचपायची सवय. थोरलीने नको म्हटलं.

तालुक्याच्या दुकानात चिकट पानांचे अल्बम होते, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले. साडेतीनशे रुपये, काम एका संध्याकाळचं. हे मात्र मी ठामपणे नाकारलं. त्या पानांचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो असे धरून बसतो की सोडवता येत नाहीत. अनेक घरांतली ऐंशी-नव्वदच्या दशकातली लग्नं त्या पानांत अडकून बसली आहेत.

दुसरा, महागाचा संच घ्यावा असंही एकदा मनात आलं. ते आम्ही लवकर सोडलं, कारण संचातलं निम्मं सामान सजावटीचं असतं आणि आम्हाला सजावट कमी पडत नव्हती.

उरला तो सुटा माल आणून स्वतः वही बांधण्याचा पर्याय. त्यात श्रम जास्त आणि चुकायला जागाही जास्त.

निर्णय आणि खरेदी

बाजारात जायच्या आधी तिने एक यादी केली, पण ती खरेदीची नव्हती. घरात आहे त्या प्रत्येक वस्तूपुढे तिने लिहिलं: अस्सल लावायची की प्रत, आणि तिला काय-काय स्पर्श करणार. या यादीने सगळं बदललं. फोटोला जे लागून राहणार, म्हणजे पान, धरून ठेवणारी गोष्ट, वरचं आवरण आणि शेजारची शाई, त्यावर पैसा घालायचा. जे फोटोला लागत नाही, ते घरातून काढायचं.

पहिला कठीण निर्णय अस्सल फोटोंचा होता. वहीत एकही अस्सल जुना फोटो चिकटवायचा नाही असं ठरलं. ३८ जुने फोटो तालुक्याला ६०० डीपीआयवर, म्हणजे बारीक तपशील येतील असे, स्कॅन केले, प्रत्येकी ५ रुपयांप्रमाणे १९०. फाटलेल्या पोळ्याच्या फोटोचे दोन्ही तुकडे जुळवून ठेवून स्कॅन केला, भेग दिसत राहिली. मोबाइलवर भेग पुसता येते असं मुलीने सुचवलं. थोरली म्हणाली, राहू दे. डिंकाने बसलेले बाकीचे दोन फोटो आम्ही सोडवायचा प्रयत्नच केला नाही. पाणी लावलं असतं तर वरचा जिलेटिनचा थर फुगून खराब व्हायची भीती होती. भोवतीचं पान कापून ते पाठीसकट बाजूला ठेवले.

दुसरा निर्णय आकाराचा, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे इथे वाचले. १२ बाय १२ इंच हे स्क्रॅपबुकचं परदेशी माप. आपल्याकडे जाड कार्डशीट सहज मिळते ती २२ बाय २८ इंचांची. तिच्यातून १२ बाय १२ ची दोनच पानं निघतात आणि निम्म्याहून जास्त कागद कात्रणात जातो. ११ बाय १४ घेतलं तर नेमकी चार पानं निघतात, कात्रण शून्य. आणि ११ बाय १४ च्या पानावर ४ बाय ६ चे दोन-तीन फोटो लावून खाली दोन ओळी लिहायला जागा उरते. कागदाला आपल्या मापात बसवण्याऐवजी आपण कागदाच्या मापात बसलो.

कागद कुठून आणायचा? तालुक्याला आयव्हरी, म्हणजे गुळगुळीत जाड, कार्डशीट सुटी ३० रुपयांना होती, पण कोपरे मुडपलेले. जूनमध्ये मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी तिला नागपूरला जायचंच होतं, त्यामुळे प्रवासखर्च या हिशोबात धरलेला नाही. एसटीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहेच. सीताबर्डीत तिने सुट्या शीटचा भाव विचारला, घेतलं काही नाही. इतवारीतल्या घाऊक दुकानात ३०० जीएसएमची पांढरी आयव्हरी १८ रुपयांना शीट मिळत होती, पण २५ च्या खाली देणार नाहीत. तिला लागणार होत्या पाच, चुकांसाठी तीन जास्त. तिथेच उभं राहून तिने गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना फोन केला. त्यांना तक्त्यांसाठी कागद हवाच होता. त्यांनी १७ शीट घेतल्या, आपल्या वाट्याला ८ शीट आल्या १४४ रुपयांत. दुकानदाराच्या काट्यावर २५ शीट ठेवायला लावल्या. वजन २ किलो ९५० ग्रॅम भरलं, म्हणजे जवळजवळ पूर्ण तीनशे जीएसएम. "वजन करून कागद नेणाऱ्या पहिल्याच ताई तुम्ही," दुकानदार म्हणाला, आणि शीट मुडपू नयेत म्हणून स्वतः पुठ्ठ्याच्या नळीत भरून दिल्या.

एक शीट आधी माझ्याकडे आली. थेंब, ऊन, दोन्ही परीक्षा झाल्या. पांढऱ्या कागदाला रंग सुटायचा प्रश्नच नव्हता, आणि बारा दिवसांच्या उन्हात फरक दिसला नाही. त्यानंतरच पाच शीट कापायला दिल्या.

पहिल्या पानासाठी तिला हातकागद हवा होता. वर्ध्याशी या कागदाचं जुनं नातं आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला तेव्हा हातकागद त्याच्या उद्योगांत होता, आणि मगनवाडीतलं मगन संग्रहालय १९३८ पासून उभं आहे. सुती चिंध्यांच्या कागदात लिग्निन जवळजवळ नसतं, म्हणून तो फार टिकतो. पण प्रत्येक हातकागद तसा नसतो. गवत, पाकळ्या, तूस घातलेला कागद दिसायला सुंदर असला तरी फोटोखाली नको. खादी भांडारातून साधा, काही न घातलेला सुती कागद घेतला, ३५ रुपयांचे दोन.

तिसरा निर्णय चिकटवण्याचा. बाइंडरने मैद्याची खळ सुचवली. खळ चांगली, पण आमच्याकडे कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद आम्लधर्मी. वहीच्या पुठ्ठ्याला ती चालेल, फोटोला नाही. म्हणून फोटो चिकटवायचेच नाहीत असं ठरलं. पांढऱ्या कागदाचे छोटे त्रिकोणी खिसे घडी घालून करायचे, चिकटवायचा तो खिसा, आणि फोटोचे चार कोपरे त्यात सरकवायचे. ६२ फोटोंना २४८ खिसे. दोन्ही मुलींनी आणि शेजारच्या तीन पोरींनी चार संध्याकाळी बसून ते केले, खर्च काहीच नाही. फोटो कधीही काढता येतो, आणि पोळ्याच्या फोटोनंतर या घराला तेच हवं होतं.

प्रिंटबाबत थोडी ओढाताण झाली. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंटरवर ८ रुपयांत लगेच, स्टुडिओतून लॅबला पाठवून १२ रुपयांत दोन दिवसांनी. ६२ फोटोंना फरक २४८ रुपयांचा. मधल्या मुलाने विचारलं, "काहून एवढा खर्च? फोटो तं फोटोच रायते ना?" थोरलीने दोन्हीकडून एकेक काढून आणला आणि त्याच्यासमोर ओल्या बोटाने कोपरा चोळला. झेरॉक्सवाल्याचा रंग बोटाला आला. लॅबचे ७४४ रुपये मंजूर झाले.

पत्रं, पावत्या आणि कात्रण यांच्यासाठी पारदर्शक पाकिटं. इथे एक चूक होता होता राहिली. पहिली पाकिटं घेतली त्यांना नव्या रेक्झिनसारखा वास येत होता. तो वास पीव्हीसी प्लॅस्टिकचा, आणि त्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येऊन शाई उचलतं. ती परत केली आणि दुसऱ्या प्लॅस्टिकची, पॉलिप्रॉपिलीनची, दहा घेतली, ६० रुपये. कात्रण पाकिटात असलं तरी फोटोसमोर ठेवलं नाही. त्याची झेरॉक्स वहीत, मूळ शेवटच्या पाकिटात एकटं.

न पसरणाऱ्या शाईचं पेन ५० रुपये. बाइंडरने पुठ्ठे, कापणी, भोकं यांचे २०० घेतले. वरचं कापड आजींच्या हिरव्या लुगड्याचं, काठ पाठीवर येईल असं. बांधायला सुती दोरी.

दुसऱ्या फेरीची बेरीज १,४५८ रुपये. पहिल्या संचापेक्षा ४१ ने कमी.

परिणाम

कोजागिरीच्या रात्री अंगणात दूध आटत असताना वही आबाजींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आधी कापडावरून हात फिरवला, बराच वेळ. पोळ्याच्या पानावर आल्यावर भेगेवर बोट ठेवून म्हणाले, "हा तं माह्या सर्ज्या. येचं तोंड कोठी गेलं?" थोरलीने खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सर्ज्याच्या शिंगांचं वर्णन सुरू केलं. मुलीने ते दुसऱ्या दिवशी फोटोखाली लिहून काढलं. वहीतलं सगळ्यात मोठं टिपण तेच आहे.

संचातलं काही फुकट गेलं नाही असं म्हणता येणार नाही, पण नक्षीची कात्री खिसे कापायला कामी आली, स्टिकर आणि रंगीत पानं शाळेतल्या मुलांना दिली.

२०२५ च्या दिवाळीनंतर मी वही पुन्हा पाहिली. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा तिने काढला होता. ती टिनाच्या खोलीत ठेवली नव्हती. आतल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून उंच फळीवर, सुती पिशवीत. डांबरगोळ्या घालू नका असं सांगितलं होतं, फोटोजवळ त्यांची वाफ नको. दर दोन महिन्यांनी वही उघडून झटकायची. कसर नाही, पानं सपाट. २४८ पैकी सहा खिसे सुटले होते, ते बदलले. पाकिटांपैकी एकात दमटपणा दिसला, म्हणून सगळ्यांची वरची तोंडं उघडी ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

पानं बिजागरीपाशी, म्हणजे जिथून वळतात तिथे, तडकायला लागली आहेत, आणि हा माझा दोष आहे. कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर कागद नरम वळतो, आडवी घातली तर मोडतो. आमच्या शीटमध्ये तंतू २८ इंचांच्या बाजूने होते, म्हणजे पानाच्या १४ इंचांच्या बाजूने, आणि वही बांधली ११ च्या बाजूला. कापायच्या आधी शीट दोन्हीकडून हलकेच वाकवून बघितली असती तर कळलं असतं, कारण जिकडे कमी जोर लागतो त्या घडीला तंतू समांतर असतात. वही उभी करून १४ च्या बाजूला बांधायला हवी होती. कागदाचं वजन, रंग, ऊन सगळं तपासलं आणि हे राहिलं. आता बिजागरीवर आतून सुती कापडाची पट्टी लावायचा विचार आहे, ती फोटोपर्यंत पोचत नाही.

पार्सल आल्या दिवशी नणंदेला उघडून फोटो पाठवायला सांगितलं असतं तर पहिले १,४९९ रुपये बहुधा परत मिळाले असते. गावापासून लांब पोचणाऱ्या वस्तूची मुदत पोचल्यापासून मोजली जाते, हातात आल्यापासून नाही.

स्कॅनचं काम मात्र आधी व्हायला हवं होतं, संचाच्याही आधी. तेवढं केलं असतं तर बाकी सगळ्या चुका फक्त पैशांच्या राहिल्या असत्या.

मधल्या मुलाला आता त्याच्या मुलीसाठी वही करायची आहे. तीन शीट शिल्लक आहेत. थोरलीने त्याला आधी त्या वाकवून बघायला लावल्या.